जेवण उचलून नेणारा काका आणि झाकण लावलेली बरणी

आजचा एपिसोड जेवणाबद्दल आहे, लहान मुलांबद्दल आहे आणि बराचसा आपल्या कोकणाबद्दल आहे. पण सुरुवात करूया कोकणापासून खूप लांब, आजच्या इराकमध्ये.

काळ साधारण तिसऱ्या शतकाचा शेवट. तेव्हा या भागाला बॅबिलोनिया म्हणायचे आणि तिथे ज्यू धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या शाळा होत्या. राब्बा नावाचा एक पंडित आणि त्याने सांभाळलेला त्याचा पुतण्या, अबाये. या पोराला आईवडील नव्हते, काकाच सगळं. सणाची रात्र आहे, सगळे जेवायला बसलेत. त्या काळी जेवणाचं टेबल म्हणजे आपल्या चौरंगासारखा छोटा प्रकार, सहज उचलता येणारा. आणि जेवण सुरू व्हायच्या आधीच तो चौरंग समोरून उचलून नेला जातो. अबाये चक्रावला. म्हणाला, अजून आम्ही काही खाल्लंच नाही आणि तुम्ही उचलून काय नेताय?

यावर राब्बा चिडला नाही. उलट त्याने सांगितलं की छान झालं, तू विचारलंस. आता प्रश्नाचा जो ठरलेला भाग आम्हाला म्हणायचा होता, तो म्हणायची गरज उरली नाही.

ही छोटीशी गोष्ट तालमूदमध्ये नोंदवलेली आहे. आणि मला वाटतं, मुलांना धर्म कसा शिकवायचा याबद्दल जगात जे काही लिहिलं गेलंय, त्यातली ही फार वरच्या नंबरची गोष्ट आहे. कारण तो चौरंग मुद्दाम उचलला होता. कशासाठी? तर पोराने विचारावं म्हणून. बस्स, एवढ्याचसाठी.

आज आपण बघणार आहोत की ज्यू लोकांनी एका रात्रीचं जेवण हीच मुलांची शाळा कशी केली. आणि मग हीच रात्र रायगडच्या किनाऱ्यावर, मराठी बोलणाऱ्या एका समाजात कशी टिकली, कशी हरवली आणि परत कशी सापडली.

आधी थोडी पार्श्वभूमी

सणाचं नाव पेसाह. मराठी बायबलमध्ये याला वल्हांडण म्हणतात. साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पौर्णिमेच्या रात्री येतो. कथा बहुतेकांना माहीत असेल: इस्राएली लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. मोशे आला, मिसरवर दहा संकटं कोसळली, शेवटी राजाने सोडलं आणि हे लोक रातोरात निघाले. इतक्या घाईत की भाकरीचं पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून या सणाला खमीर घातलेलं, आंबवलेलं काही खायचं नाही. पातळ, न फुगलेली बेखमीर भाकर खायची. तिला म्हणतात मात्सा.

पूर्वी हा सण जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेला होता. तिथे कोकरू बळी द्यायचं आणि मग ते भाजून खायचं. पण इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं. आता विचार करा, ज्या धर्माचा सगळ्यात मोठा सण एका इमारतीवर अवलंबून आहे आणि ती इमारतच गेली, त्याने काय करायचं?

त्या वेळच्या धर्मपंडितांनी, म्हणजे रब्बींनी, हा सण घरातल्या जेवणात आणला. इसवी सन 200 च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात पेसाहच्या रात्रीचा क्रम दिलेला आहे. या क्रमालाच म्हणतात सेदर. सेदर शब्दाचा अर्थच मुळी 'क्रम'. आणि त्या रात्री वाचायच्या पुस्तकाला म्हणतात हगादा, म्हणजे 'सांगणं'.

मजा अशी की या जेवणाचा साचा त्यांनी चक्क त्या काळच्या ग्रीक-रोमन मेजवानीतून उचलला. पेले भरायचे, भाजी कशाततरी बुडवून खायची, लोडाला टेकून आडवं होऊन जेवायचं. ज्या रोमनांनी मंदिर पाडलं, त्यांच्याच श्रीमंतांची जेवणाची पद्धत! पण त्याला अर्थ वेगळा दिला. गुलाम उभ्याने घाईघाईत खातो, मोकळा माणूस टेकून निवांत जेवतो. म्हणजे तुम्ही नुसतं कसं बसलात, यातूनच मुलाला स्वातंत्र्य समजतंय. भाषण द्यायची गरजच नाही.

ताटातली एकेक वस्तू

सेदरच्या ताटात काय काय असतं ते बघू.

मात्सा तर झालीच. ती घाई आठवून देते आणि गुलामीतली गरिबीची भाकरही. मग मारोर, म्हणजे कडू पाला. गुलामीचा कडवटपणा. तो मुलालाही चावायला लावतात, नुसता दाखवत नाहीत. बऱ्याच घरांत भाजी बुडवायला मिठाचं पाणी असतं, ते अश्रूंचं. मग हारोसेत, एक गोड, घट्ट, तपकिरी मिश्रण. ते कशाचं? तर गुलाम ज्या चिखलाने विटा आणि भिंती रचायचे, त्या चिखलाचं. आता गंमत बघा, चिखलाची आठवण आणि ती गोड. कुठल्याही मुलाला प्रश्न पडणारच.

मिश्नामध्ये रब्बान गमलिएलचं मत दिलंय की या रात्री तीन गोष्टींबद्दल ज्याने सांगितलं नाही, त्याचं कर्तव्य पूर्ण झालं नाही. सणाचं कोकरू, मात्सा आणि मारोर. हे तिन्ही खाण्याचे पदार्थ आहेत. नुसतं खाऊन भागत नाही, ते का खातोय हे बोलावं लागतं. आणि नुसतं बोलूनही भागत नाही, खावं लागतं.

आणि मुलं झोपू नयेत म्हणून काय काय केलंय! रात्र मोठी, जेवण उशिरा. तालमूदमध्ये सांगितलंय की मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोडासारखा सुकामेवा वाटायचा, म्हणजे ती जागी राहतील आणि विचारतील. रब्बी अकीवा असं करायचे अशी नोंद आहे. मात्सा हिसकावण्याचाही उल्लेख आहे, तोही पोरांनी झोपू नये म्हणून. आज कित्येक घरांत मात्साचा एक तुकडा लपवतात आणि मुलं तो शोधतात, त्याची मुळं या उल्लेखाशी जोडली जातात. थोडक्यात, आज ज्याला आपण गेमिफिकेशन म्हणतो, ते यांच्याकडे दीड हजार वर्षांपेक्षा जुनं आहे.

पण सगळ्याचा केंद्रबिंदू म्हणजे प्रश्न. घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं की ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. मग भाकरीबद्दल, कडू पाल्याबद्दल, बुडवण्याबद्दल, टेकून बसण्याबद्दल असे चार प्रश्न येतात. तालमूद तर याच्याही पुढे जातो. मूल विचारू शकत नसेल तर बायकोने विचारावं. तीही नसेल तर माणसाने स्वतःलाच विचारावं. आणि दोन पंडित एकत्र असले, दोघांनाही सगळं पाठ असलं, तरी त्यांनीही एकमेकांना विचारावं. म्हणजे उत्तर माहीत आहे म्हणून प्रश्नातून सूट नाही!

हगादात चार प्रकारच्या मुलांचं वर्णन येतं. एक हुशार, एक उद्धट, एक साधा आणि एक ज्याला विचारताच येत नाही. चौघांनाही वेगवेगळं उत्तर द्यायचं आहे. मला यातला चौथा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्याबद्दल सांगितलंय की त्याच्यासाठी सुरुवात तुम्हीच करा. आणि उद्धट मुलालासुद्धा खडसावून बोलतात, पण तो त्याच ताटाभोवती बसलेला असतो.

आणखी एक प्रथा, नंतरच्या काळात रूढ झालेली. मिसरवरच्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला द्राक्षारसाचा एक थेंब काढून टाकायचा. याचं एक प्रसिद्ध स्पष्टीकरण असं की आपली सुटका होताना दुसऱ्यांचे जीव गेले, म्हणून आपला आनंदाचा पेला तेवढा कमी भरलेला असावा. शत्रूच्या दुःखातही आनंद मानू नये, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला व्याख्यान देऊन समजावणं कठीण. पण बोट बुडवून दहा थेंब काढ म्हटलं, की ते त्याच्या बोटात राहतं.

आता येऊ कोकणात

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं, काही मोजकीच माणसं वाचली आणि इथेच राहिली. हे नक्की कधी घडलं याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. पण परंपरा एक गोष्ट ठामपणे सांगते: जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथही बुडाले.

हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणून गावकरी त्यांना म्हणायला लागले शनिवार तेली. आडनावं गावांवरून पडली: केहिमकर, रोहेकर, पेणकर. भाषा मराठी झाली. हिब्रू गेली. प्रार्थना म्हणून 'शेमा' एवढीच उरली. ग्रंथ नाहीत, रब्बी नाहीत, सिनेगॉग नाही.

मग पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवलं कशाने?

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. खिरीचा सण. बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस; हा ज्यूंचा उपासाचा मोठा दिवस, योम किप्पूर. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आणि पेसाहच्या वेळचा जो सण होता, त्याचं नाव होतं अनाशी ढाकाचा सण.

अनास म्हणजे जेवणात तोंडी लावायला वापरायचा एक आंबट द्रव. तो ज्या भांड्यात असायचा, ते भांडं या सणात झाकून ठेवायचं. ढाकणं म्हणजे झाकणं. बस्स. मोशेचं नाव नाही, मिसरचं नाही, गुलामीचं नाही. उरलं काय? तर बरणीवरचं झाकण.

आंबवलेलं खायचं नाही हा मूळ नियम. त्याची कथा विस्मरणात गेली, पण नियमाचा एक तुकडा स्वयंपाकघरात जिवंत राहिला. एका आईने मुलीला सांगितलं असणार की या दिवसांत ही बरणी उघडायची नाही हं. त्या मुलीने तिच्या मुलीला. शेकडो वर्षं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे वाचताना एकदम ओळखीचं वाटलं. प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये कोडची एखादी ओळ असते. लिहिणारा कधीच सोडून गेलेला, कमेंट नाही, डॉक्युमेंटेशन नाही. ती का आहे हे कुणालाच माहीत नसतं, पण काढायची हिंमत कुणी करत नाही. आणि बऱ्याचदा ती काढली तर सगळं कोसळतं, कारण ती कुठल्यातरी खऱ्या गरजेसाठीच लिहिलेली असते. अनाशीचं झाकण ही तशी ओळ होती.

मासळीची परीक्षा

समाजात अजून एक कथा प्रसिद्ध आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू माणूस कोकणात आला. काही जण त्याला फार जुन्या काळात ठेवतात, काही जण अठराव्या शतकात. त्याला शंका आली की हे शनिवार तेली आपल्यातलेच तर नाहीत? पण विचारणार काय? धर्मग्रंथातलं विचारून उपयोग नाही, ग्रंथच नाहीत.

मग त्याने बायकांना मासे शिजवायला दिले, वेगवेगळ्या जातींचे एकत्र. ज्यू नियमानुसार पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. बायकांनी मासे निवडले आणि पर-खवले नसलेले बाजूला टाकले. रहाबीची खात्री पटली. पुढे त्याने समाजातले तीन तरुण निवडून त्यांना धर्माचं शिक्षण दिलं, असं कथा सांगते.

इतिहास म्हणून या कथेतला प्रत्येक तपशील सिद्ध करता येणार नाही. पण ती काय सांगते बघा. परीक्षा तोंडी नव्हती, लेखी नव्हती, हाताची होती. आणि पास झाल्या त्या बायका. ज्यांना कुणी धर्मपंडित म्हटलं नसतं, त्यांच्या हातात धर्म शाबूत होता.

झाकणाला परत कथा मिळाली

पुढे चित्र बदललं. बेने इस्राएल लोक कामाधंद्याला आणि लष्करात नोकरीला मुंबईला यायला लागले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनचे ज्यू शिकवायला आले. ख्रिस्ती मिशनरीही आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्राएलांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी त्या शिक्षणाचा उपयोग आपलाच धर्म परत वाचायला केला!

आणि 1846 मध्ये मुंबईत हगादा छापली गेली, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. ज्या रात्रीची कथा हरवली होती, ती आता मुलांना मायबोलीत ऐकता येणार होती. मग 1874 मध्ये पुण्यात आणखी एक मराठी हगादा निघाली, तीही चित्रांसह. त्या चित्रांत मात्सा तयार करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. म्हणजे पुण्यातल्या किंवा पेणच्या मुलाने पुस्तक उघडलं, तर त्याला मिसरमधल्या सुटकेच्या कथेशेजारी आपल्या आईसारखी दिसणारी बाई पीठ मळताना दिसणार. त्या काळाच्या मानाने केवढी मोठी गोष्ट आहे ही!

पदार्थही इथलेच झाले. हारोसेतच्या जागी खजुराचा शिरा. द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. मिसरच्या विटांचा चिखल कोकणातल्या घरात खजुराने उभा राहिला आणि कुणाचं काही अडलं नाही.

1875 मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी पुढाकार घेऊन मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. त्याच केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, जो त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 मध्ये छापून आला. जुन्या सणांची, जुन्या चालीरीतींची माहिती आज आपल्याला मिळते, त्यात त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा आहे.

वस्तू काय सांभाळू शकत नाही

आता एक अवघड भाग. इथपर्यंत ऐकून वाटेल की वस्तू पुरेशा आहेत, ग्रंथांचं काय एवढं. तसं नाही.

1948 मध्ये इस्राएल देश झाला आणि बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण हळूहळू तिकडे गेले. पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बी कार्यालयाने त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली. मुद्दा काय होता? घटस्फोट आणि पुनर्विवाह यांचे ज्यू कायदे या समाजाला मधली कित्येक शतकं माहीतच नव्हते. त्यामुळे 1962 मध्ये आदेश निघाला की इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा.

कल्पना करा. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, मासळी निवडून खाल्ली, बरणी झाकली. आणि ज्या देशाला आपलं घर मानून आलात, तिथे विचारतात की तुम्ही नक्की आमचेच का? लोकांनी आंदोलनं केली, उपोषणं केली. अखेर 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेत आणि सरकारने स्पष्ट केलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत.

या वादातून मला एक गोष्ट कळते. हाताने दिलेले संस्कार विलक्षण टिकाऊ असतात, पण सगळंच त्यांच्यात मावत नाही. काय खायचं, कधी थांबायचं, काय झाकायचं हे हात लक्षात ठेवतो. घटस्फोटाचा कागद कसा लिहायचा हे हात लक्षात ठेवू शकत नाही, त्याला ग्रंथ लागतो. आणि 'का' हे लक्षात ठेवायला प्रश्न आणि उत्तर लागतं. झाकण एकटं फार तर निरोप पोचवतं. निरोपाचा अर्थ सांगायला माणूस लागतो.

मग आपलं काय?

आता पाडवा डोळ्यांसमोर आणा. नवं वर्ष, गुढी उभारलेली आणि घरात पहिल्यांदा हातावर काय पडतं? कडुलिंबाचा पाला. सणाच्या दिवशी कडू! सेदरमधल्या मारोरसारखाच प्रकार. मूल विचारतं, हे का? आणि बहुतेक घरांत उत्तर काय मिळतं? "खा, चांगलं असतं." किंवा "प्रश्न विचारू नकोस, गिळ."

इथेच फरक पडतो. वस्तू आपल्याकडे भरपूर आहेत. दिवाळीला पायाखाली चिरडायचं कारीट आहे, संक्रांतीचा तीळगूळ आहे, पोळ्याचे मातीचे बैल आहेत. पण मुलाने विचारणं हा विधीचाच भाग आहे, असं किती घरांत मानतात? राब्बाच्या घरी पोराने मध्येच तोंड उघडलं तेव्हा विधी मोडला नाही, तो पुढे सरकला.

यावर कुणी म्हणेल, माझा देवधर्मावर विश्वास नाही, मी मुलांना हे का देऊ? ठीक आहे, तो तुमचा प्रश्न. पण ज्याला सोडायचं आहे त्यालाही काय सोडतोय हे माहीत असलेलं बरं. आणि ज्याला ठेवायचं आहे, त्याला तर ते माहीत असायलाच हवं. नाहीतर दोन पिढ्यांनी आपल्याकडेही फक्त बरणी आणि झाकण उरेल. बेने इस्राएलांना त्यांची कथा परत मिळाली, कारण जगात दुसरीकडे कुणीतरी ती लिहून ठेवली होती आणि सांगायला माणसं आली. तुमच्या आजीच्या घरातल्या रीतींची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. आजीला, मामीला, आत्याला, जी कुणी जवळ असेल तिला फोन लावा आणि घरातली अशी एक रीत विचारा जी सगळे करतात पण का ते कुणी सांगत नाही. उत्तर "माहीत नाही, आमची सासू करायची" असं आलं तरी चालेल. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. आणि घरात लहान मूल असेल तर पुढच्या सणाला ताट वाढून झालं की एकदा मुद्दाम उचलून न्या. बघा काय विचारतंय ते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, विचारत राहा. नमस्कार.